फुलांचें कापड

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी यांचीं नांवें घेतों. आज ज्या लोकांविषयीं बोलणार आहें, त्यांनीं आपला इतिहास कापडावर सुईनें नोंदला आहे. हे लाओसच्या डोंगरांतील ह्मोंग लोक. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकांत चिनी राजवटीच्या जाचाला कंटाळून दक्षिणेकडे उतरले. डोंगरउतारावरील रान जाळून भात-मका पिकवावा, जमिनीचा कस गेला कीं पुढचा डोंगर गांठावा, हा त्यांचा क्रम. १९५०च्या दशकापर्यंत त्यांच्यांत लिहिण्यावाचण्याची सर्वमान्य लिपि नव्हती. मुलीच्या हातीं मात्र लहानपणींच सुई येई, आणि नववर्षाच्या सणाला तिनें भरलेल्या वस्त्रावरून तिचें कसब जोखलें जाई.

या कशिद्याला ते ‘पा न्दाउ’, म्हणजे फुलांचें कापड, म्हणतात. त्याची एक रीत सांगण्याजोगी आहे. आपण गोधडीला ठिगळ वरून लावतों, येथें उलट. दोन रंगांचीं कापडें एकावर एक ठेवून वरचें कात्रीनें नागमोडी कापावयाचें, कापलेली कड सुईच्या टोंकानें आंत दुमडीत अगदीं बारीक टांक्यांनीं शिवावयाची, म्हणजे खालचा रंग आकृति होऊन दिसूं लागतो. गोगलगाईचा शंख, हत्तीचें पाऊल, काकडीचें बी, अशीं या आकृतींचीं नांवें. माणसांचीं व घरांचीं चित्रें त्यांत नसत.

तीं आलीं युद्धानंतर. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें १९६१ सालीं सेनापति व्हांग पाओ यांच्या हाताखालीं ह्मोंगांची फौज उभारण्यास आरंभ केला. मे १९७५ मध्यें लाँग चेंगचा तळ पडला. सेनापति विमानानें निघून गेले. मागें राहिलेल्यांपैकीं हजारोंनीं थायलंडची वाट धरली. मध्यें मेकाँग नदी. बांबूच्या तराफ्यांवर, मोटारच्या फुगविलेल्या ट्युबांना धरून, रात्रीच्या अंधारांत ती ओलांडतांना कित्येक बुडाले, कित्येक गोळ्यांना बळी पडले.

थायलंडांतील बान विनाईच्या छावणींत चाळीस हजारांहून अधिक माणसें दाटीनें राहिलीं. शेत नाहीं, शिकार नाहीं. तेथें पुरुषांनीं रेखाटावें व बायकांनीं भरावें, अशीं चित्रकापडें निघूं लागलीं: गांव, वर विमानें, पाठीला मूल बांधून चालणाऱ्या आया, निळी नदी. मिनेसोटा व कॅलिफोर्निया येथें गेलेल्या नातलगांकडे तीं टपालानें जात. गिऱ्हाइकांना भडक रंग रुचेनात, म्हणून फिकट निळा व मातकट आला. इंग्रजी ओळीही भरल्या जाऊं लागल्या. पुष्कळ भरणाऱ्यांना त्या वाचतां येत नसत.

अमेरिकेंत उतरलेल्या बायकांना ना तेथील भाषा येई, ना डोंगरशेतीचा तेथें उपयोग. सुई तेवढी कामाला येई. पण तींतही पेंच होता: छावणींतील बहीण तेंच काम थोडक्या मोलांत करून पाठवी.

विक्रीसाठीं केलेली ही कला अस्सल नव्हे, असें कांहीं रसिक म्हणतात. मला तें पटत नाहीं. पोटासाठीं विणली म्हणून पैठणी खोटी ठरत नाहीं, आणि रंग बदलल्यानें त्यांतील हकीकतही बदलली नाहीं.

बान विनाई १९९२ मध्यें बंद झाली. मिनेसोटांतील सेंट पॉल शहरीं जन्मलेल्या पुष्कळ नातवंडांनीं मेकाँग पाहिलेली नाहीं. अशा कापडांत ती रुंद निळी पट्टी असते, आणि तींत पोहणाऱ्यांचीं डोकीं काळ्या दोऱ्यानें भरलेलीं असतात.