कोणीच राहत नाही, त्या पत्त्यावरची पत्रे

पत्त्यावरचा माणूस सापडला नाही, तर पोस्टमन पाकिटावर तसा शेरा मारतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जाते. ई-मेलचे नियम ठरवतानाही हीच रीत डोळ्यांसमोर होती. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी 'एसएमटीपी' हा नियमसंच लिहिला. त्यानुसार पत्र आणणारा संगणक आधी नाव सांगतो. त्या नावाची पेटी असेल तर सर्व्हर २५० हा आकडा कळवून होकार देतो, नसेल तर ५५० कळवून नकार.

ही व्यवस्था परस्परविश्वासावर उभी होती. मे १९७८ मध्ये अर्पानेटवर गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली, तेव्हा तो अपवाद होता. १९९० च्या दशकात इंटरनेट व्यापाराला खुले झाले आणि अपवादाचा पूर झाला. पाठवणाऱ्याला एका पत्राचा खर्च जवळजवळ शून्य. मग तो नावे अंदाजाने रचू लागला : अनिल, अनिल१, अनिता... ५५० आले तर नाव सोडायचे, २५० आले तर यादीत घालायचे. सर्व्हरचे प्रामाणिक उत्तरच चोराला वाट दाखवू लागले!

पण याच उत्तराला दुसरी बाजू आहे. प्रत्येक नकाराची नोंद सर्व्हरच्या दप्तरात वेळेसह राहते. शिवाय जो माणूस अस्तित्वातच नाही, त्याने जाहिरात मागवली असणे शक्य नाही. म्हणजे रिकामा पत्ता हा निःपक्षपाती साक्षीदार होय. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट हनी पॉट'ने ही कल्पना पुढे नेली. वाचकाला न दिसणारे पत्ते संकेतस्थळांत पेरायचे. त्यांवर पत्र आले, की पत्ते वेचणारा संगणक ओळखता येतो.

तक्रार कोणाकडे करायची? पत्रावरचे प्रेषकाचे नाव बनावट असू शकते. आपल्या सर्व्हरशी प्रत्यक्ष जोडल्या गेलेल्या संगणकाचा आयपी क्रमांक मात्र आपल्याच सर्व्हरने लिहिलेला असतो. तो क्रमांक कोणत्या जाळ्याचा आहे हे नोंदवहीत पाहून त्या जाळ्याच्या चालकाला कळवायचे. अशा तक्रारींसाठी 'अब्यूज' या नावाची पेटी ठेवावी, असा संकेत १९९७ मध्ये ठरला.

येथे दोन चुका टाळाव्या लागतात. पत्र आधी स्वीकारून नंतर परत धाडले, तर ते ज्याचे नाव चोरले त्या निरपराध माणसाच्या माथी बसते. म्हणून नकार दारातच द्यावा. दुसरे असे, की एखादे अक्षर चुकलेला किंवा नोकरी सोडून गेलेल्याचा पत्ता वापरणारा माणूस गुन्हेगार नव्हे. एक चुकलेले नाव ही चूक; पाच मिनिटांत पाचशे चुकलेली नावे हा पुरावा. दोहोंतला फरक विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. एकाच निरीक्षणावर निष्कर्ष का काढू नये, हे त्यांना यातून चांगले समजेल.