नोकरी सांभाळून रेडिओग्राफरला एम.एस्सी. करता येते का?

गडब-पेणकडच्या एक्स-रे तंत्रज्ञाला सीटी, एमआरआयमध्ये पुढे जायचे असेल, तर दोन वर्षांची एम.एस्सी. हा एक मार्ग. रायगडमध्येच, कामोठ्याच्या एमजीएम अभिमत विद्यापीठात ती करता येते. त्याआधी या विषयातली बी.एस्सी. हवी, नुसता डिप्लोमा पुरत नाही. खरी अडचण वेगळीच: अभ्यासक्रम पूर्णवेळ, म्हणजे पगार बुडणार. मग ऑनलाइन पदवीच्या जाहिराती खुणावतात. इथे सावध राहा. रेडिओलॉजी-इमेजिंग हे क्षेत्र २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याखाली येते, आणि त्यातले दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केले आहेत. मशीनवर हात बसायला रुग्णालयच लागते, हे खरे. पण घर चालवणाऱ्यासाठी पर्याय उरला नाही. ‘नोकरी करता करता पदवी’ असे कुणी सांगितले, तर फी भरण्याआधी मान्यतेचे पत्र मागा.