‘ए’ आणि ‘अ‍ॅन’ : थोरला कोण?

अनिश्चिततादर्शक उपपद ‘ए’. पुढें स्वर आल्यास त्याचें ‘अ‍ॅन’ होतें, असें आम्ही तीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. इतिहास याच्या नेमका उलट आहे. मूळ रूप ‘अ‍ॅन’च होय. प्राचीन इंग्रजींत ‘आन’ म्हणजे एक. त्यांतूनच ‘वन’ ही संख्या निघाली, आणि उच्चारांतील जोर जाऊन उपपदही निघालें. आजीच्या गोष्टींतील ‘एक राजा होता’ यांत राजांची मोजदाद नसते, तसेंच हें. सुमारें बाराव्या शतकापासून व्यंजनापुढें ‘न’ गळूं लागला. स्वरापुढें तो राहिला, कोणीं मागाहून आणून बसविला नाहीं.

पुढें मौज अशी झाली कीं, हा ‘न’ उपपदाचा कीं नामाचा, याविषयीं खुद्द इंग्रजांचाच घोटाळा उडाला. फ्रेंचांतून आलेलें ‘नॅप्रन’ ऐकतां ऐकतां ‘अ‍ॅन एप्रन’ झालें. ‘अ‍ॅडर’ या विषारी सापानेंही आपला आद्य ‘न’ असाच गमावला. क्रिकेटचा ‘अंपायर’ मूळचा ‘नूम्पेर’, म्हणजे जोडींत न बसणारा, आपला तिऱ्हाईत! उलट ‘ईकनेम’, म्हणजे जास्तीचें नांव, यानें उपपदाचा ‘न’ लाटला व तें ‘निकनेम’ बनलें. आपल्या नारिंगाचें ‘ऑरेंज’ झालें, त्याचा दोष मात्र इंग्रजांकडे नाहीं. तो ‘न’ इंग्लंडांत पोंचण्यापूर्वींच युरोपांत गळाला होता.

सारा व्यवहार कानाचा, अक्षरांचा नव्हे. ‘अवर’मधील ‘एच्’ मुका, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. १६११ च्या बायबलांत ‘अ‍ॅन हाउस’, ‘अ‍ॅन हंड्रेड’ असे प्रयोग आढळतात. अठराव्या शतकांतील लेखक ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ लिहीत. तेथील आरंभींचा ‘य’ उच्चारांत पक्का झाल्यावर ‘ए’ रूढ झाला.

एका विद्यार्थ्यानें ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ लिहिलें, तेव्हां आम्हीं तांबड्या शाईनें रेघ ओढून गुण कापला होता. ‘यू’ हा स्वर, हें आम्हींच त्याला शिकविलें होतें! त्यानें आमचा नियम अक्षरशः पाळला, इतकाच त्याचा अपराध. आतां वर्गांत लिहिण्यापूर्वीं शब्द मोठ्यानें उच्चारावयास आम्ही सांगतों. मुलें पटकन् समजतात. फक्त ‘हिस्टॉरिकल’पाशीं अडतात, आणि तेथें इंग्रज पंडितांचेंही अद्याप एकमत नाहीं.