आफ्रिकेतील औषध-गुणवत्ता मानके आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : एक ऐतिहासिक आढावा

जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली आंतरराष्ट्रीय औषधकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा आफ्रिकेचा बहुतांश भाग युरोपीय सत्तांच्या अधिपत्याखाली होता. पुढे १९६९ मध्ये संघटनेने निर्यात होणाऱ्या औषधांसाठी प्रमाणपत्र योजनेची शिफारस केली. निर्यातदार देशाच्या नियामकाने औषधाचा परवाना व कारखान्याची तपासणी यांविषयी आयातदार देशाला लेखी ग्वाही द्यावी, असे तिचे स्वरूप होते. स्वतःची प्रयोगशाळा नसलेल्या नवस्वतंत्र राष्ट्रांना ती सोयीची वाटणे स्वाभाविक होते. मात्र तिचा सारा भार परक्या देशाच्या कागदावर होता.

प्रत्यक्ष तपासणीवर आधारलेले सहकार्य सुरू झाले ते एड्सच्या साथीमुळे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तिहेरी औषधोपचार प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलर इतक्या अल्प दरात देऊ केला. स्वस्त औषध दर्जेदार असेल काय, ही शंका ओघानेच आली. त्याच वर्षी आरोग्य संघटनेची पूर्वअर्हता योजना सुरू झाली. तीत संघटनेचे तज्ज्ञ कारखान्यांची व चाचण्यांच्या नोंदींची स्वतः तपासणी करीत. ही तपासणी नाममात्र नव्हती. जैवसमतुल्यता चाचण्यांतील त्रुटींमुळे २००४ मध्ये काही भारतीय औषधे यादीतून वगळण्यात आली.

तथापि या योजनेचा भर एड्स, क्षयरोग, हिवताप अशा रोगांवर, म्हणजेच जेथे आंतरराष्ट्रीय निधीतून मोठी खरेदी होत होती तेथे राहिला. आईने दुकानातून आणलेले खोकल्याचे औषध तिच्या कक्षेबाहेरच होते. निधी देणाऱ्यांची चिंता आणि रुग्णाची चिंता नेहमीच एक नसते.

ही उणीव डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. नायजेरियात १९९० साली ते मिसळलेल्या पॅरासिटामॉल सिरपमुळे अनेक बालके दगावली. १९९३ मध्ये तेथे राष्ट्रीय अन्न व औषध नियामक संस्था स्थापन झाली. तरीही २००८-०९ मध्ये देशातच बनलेल्या, दात येण्याच्या त्रासावरील सिरपने ऐंशीहून अधिक बालकांचा बळी घेतला. २०२२ मध्ये गांबियात मूत्रपिंडे निकामी होऊन साठांहून अधिक बालके मृत्यू पावली. संशय हरियाणात बनलेल्या सिरपवर होता. औषध तपासण्यास सक्षम प्रयोगशाळा गांबियात नसल्याने नमुने परदेशी पाठवावे लागले. आयात मालाची चाचणी आयातदार देश करतो, असा प्रघात भारत सरकारने त्या वेळी निदर्शनास आणून दिला. ज्या देशाला चाचणी करणेच शक्य नव्हते, त्याच्या बाबतीत हा प्रघात निरर्थक होता.

दरम्यान, आफ्रिकी देशांनी परस्पर सहकार्याचा मार्ग धरला होता. औषध-नियमनाच्या सुसूत्रीकरणाचा उपक्रम २००९ मध्ये आरंभला गेला आणि २०१२ पासून पूर्व आफ्रिकी समुदायातील केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा व बुरुंडी यांनी औषधांचे संयुक्त मूल्यांकन हाती घेतले. आफ्रिकी संघाने २०१९ मध्ये आफ्रिकी औषध संस्थेचा करार संमत केला. पंधरा देशांच्या अनुसमर्थनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अमलात आला आणि २०२२ मध्ये मुख्यालयासाठी रवांडाची निवड झाली.

गांबियाला मात्र तोवर थांबणे शक्य नव्हते. भारताने १ जून २०२३ पासून खोकल्याच्या सिरपची निर्यातपूर्व सरकारी चाचणी सक्तीची केली. जुलैपासून गांबियाने भारतातून येणाऱ्या सर्वच औषधांना जहाजावर चढण्यापूर्वीची तपासणी लागू केली आणि ते काम भारतातीलच एका खासगी प्रयोगशाळेकडे सोपविले.