जिभेचे दगड

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर मऊ पिवळसर चुनखडीत त्रिकोणी, चकचकीत, कडेला धार असलेले दगड सापडतात. तिथले लोक त्यांना 'इल्सिएन सान पाउल' म्हणतात, म्हणजे संत पॉलची जीभ. अरबी किंवा उर्दू येणाऱ्याला यातला 'लिसान' लगेच ऐकू येईल. या बेटावर ८७० ते १०९१ पर्यंत अरबांची सत्ता होती. सत्ता गेली, भाषा मात्र त्या मातीत राहिली.

संत पॉलला या बेटावर विषारी साप चावला, पण त्याला काही झाले नाही. तेव्हापासून इथल्या सापांचे विष गेले आणि त्यांच्या जिभा दगडात उमटल्या, अशी कथा. त्याच्याही आधी रोमन लेखक प्लिनीने, चंद्र झाकोळतो तेव्हा हे दगड आकाशातून पडतात, असा समज नोंदवला होता. स्वतः त्याला तो पटला नव्हता. पुढे युरोपच्या राजवाड्यांत विषबाधेची भीती फार, म्हणून या 'जिभां'ना मोल आले. ताईत झाले, भुकटी झाली. जेवणाच्या मेजावर ठेवायला चांदी-पोवळ्याची झाडे बनवून त्यांना हे दगड पानांसारखे लटकवत. माल्टाहून त्यांचा चांगला व्यापार चाले.

हे दगड म्हणजे शार्क माशाचे दात. कोकणातली मोरी किंवा मुशी याच कुळातली, आणि ती खाणाऱ्याला वेगळे सांगायला नको की तिच्यात हाडाचा काटा नसतो, मऊ कुर्चा असते. कुर्चा सहसा कुजून जाते. दात कठीण, आणि शार्कचे दात आयुष्यभर पडत नि नवे येत राहतात. एकेक मासा हजारो दात टाकतो. ते तळाच्या गाळात रुततात, खनिजे शिरून त्यांचा दगड होतो. मेगॅलोडॉन या नामशेष शार्कचा दात तर हाताच्या पंजाएवढा भरतो.

१६६६ च्या ऑक्टोबरात इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला मेदिचींच्या दरबारात आले आणि चिरायला दिले निकोलस स्टेनो या २८ वर्षांच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे. त्याने जबड्यातला दात आणि 'जिभेचा दगड' यांची तुलना केली. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो. दगड जमिनीत वाढत असता तर खडकाच्या फटीत वाढणाऱ्या मुळासारखा वाकडातिकडा झाला असता, आजूबाजूचा खडक फुटला असता. हे तर सगळे एकसारखे, नीटस. आणि एका शार्कच्या तोंडात दोनशेहून जास्त दात, मग माल्टात इतके सापडतात यात नवल काय? १६६९ मध्ये त्याने पुढची पायरी गाठली: खडकांचे थर एकावर एक साचतात, खालचा थर आधीचा. भूविज्ञान आजही या नियमावर उभे आहे.

इथे आपल्याकडे एक ठरलेली प्रतिक्रिया येते: 'हे तर मुसलमानांनी आधीच सांगितले होते.' त्यात तथ्य आहे, म्हणून ते नीट सांगितले पाहिजे. अल् बिरूनीने १०२५ मध्ये गझनीत पूर्ण केलेल्या 'तहदीद' या ग्रंथात लिहिले, की अरबस्तानचे वाळवंट पूर्वी समुद्र होते. विहिरी खोदताना निघणारे दगड फोडले तर आत शिंपले, कवड्या आणि लोक ज्याला 'मासळीचे कान' म्हणतात ते सापडते. भारताचे मैदानही नद्यांच्या गाळाने भरलेला जुना समुद्र असावा, हे त्याने डोंगराजवळचे मोठे गोटे आणि समुद्राकडची बारीक वाळू पाहून ताडले. इब्न सीनाने 'शिफा'मध्ये दगडांतल्या शिंपल्यांवरून हीच दिशा दाखवली. तो भाग १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला, पण बराच काळ अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर वाचला गेला.

तरीही 'जिभेचा दगड' म्हणजे शार्कचा दात, हे या दोघांनी सांगितलेले नाही. ते इटलीच्या फाबियो कोलोनाने १६१६ मध्ये लिहिले, स्टेनोच्या पन्नास वर्षे आधी, आणि त्याला आज कोण ओळखते? बिरूनी थोर ठरतो तो दगड फोडून पाहिल्यामुळे. त्याच्या नावाचा नुसता झेंडा मिरवणाऱ्यांनी एखादा तरी दगड फोडावा, असे मला वाटते.

फोडणारे पुढे निघाले. सिसिलीचा चित्रकार अगोस्तिनो शिल्ला दात नि शिंपले जमवून रेखाटत असे. १६७० च्या पुस्तकात त्याने 'डोळ्यांनी दिसते ते माना' असा पक्ष मांडला. त्याचा संग्रह आता केंब्रिजमध्ये आहे. आपल्याकडे शोधायचे तर महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्ह्याचा काळा पाषाण, त्यात हे मिळणार नाही. कच्छला किंवा ओडिशातल्या बारीपाड्याला जावे लागेल.

माल्टात आता जीवाश्म उचलायला कायद्याने बंदी आहे. २०२० मध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी सात वर्षांच्या ब्रिटिश राजपुत्राला मेगॅलोडॉनचा दात भेट दिला, सुमारे २ कोटी ३० लाख वर्षे जुना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना माल्टातच सापडलेला. फोटो छापून येताच माल्टाचे संस्कृतिमंत्री म्हणाले, तो परत मिळवण्यासाठी पावले उचलू. थोड्याच दिवसांत मंत्रालयाने विषय मिटवला. दात राजपुत्राकडेच राहिला.