मोटारीचे चक्र आणि चालकाची छाती

ह्या व्यासपीठावर राज्यांचे, संतांचे आणि लढायांचे इतिहास आपण पुष्कळ ऐकले असतील. आम्ही आज एका यंत्रभागाचा इतिहास सांगणार आहोत. हा यंत्रभाग म्हणजे मोटार वळविण्याचे गोल चक्र, ज्याला आपण सगळे स्टेअरिंग म्हणतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत व वाचनालयांत अधिक झालेले असल्यामुळे शास्त्रीय भाषा आम्हांस फारशी येत नाही. पण यंत्राजवळ उभे राहून काम करणाऱ्या माणसाचे काय होते, हा आमचा आयुष्यभराचा विषय आहे. मोटारीचा चालक हाही यंत्राजवळ बसलेला माणूसच आहे.

हल्ली पुष्कळ लोक सुटीच्या दिवशी घरच्या घरी स्टेअरिंग काढतात. कोणाचा हॉर्न वाजत नाही, कोणाचे चक्र झिजून चिकट झालेले असते, तर कोणाला नवे शोभिवंत चक्र बसवायचे असते. ते सुरक्षितपणे कसे काढावे, असे आम्हांस विचारले जाते. त्यावर आमचे उत्तर असे, की चक्र काढताना जी जी सावधगिरी घ्यावी लागते तिच्यामागे इतिहासाचे एक एक पान आहे. ते पान ठाऊक नसेल तर सूचना पाठ होते, पण पटत नाही. आणि न पटलेली सूचना माणूस घाईच्या वेळी हमखास मोडतो.

प्रथम हे चक्र आले कोठून ते पाहू. जर्मनीतील कार्ल बेंझ ह्याने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिला चक्र नव्हते. पुढचे एकुलते चाक वळविण्यासाठी हाताने फिरवायची दांडी होती. त्या काळच्या बऱ्याच मोटारी नावेच्या सुकाणूसारख्या दांडीनेच वळत. चार चाकांची गाडी वळविण्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. वळणावर आतल्या बाजूचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. त्याची युक्ती म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट आकरमन ह्या त्याच्या प्रतिनिधीने आपल्या नावाने घेतले. आज साऱ्या जगात ती युक्ती आकरमनच्या नावाने ओळखली जाते. कारागिराचे डोके आणि दुसऱ्याचे नाव, हा प्रकार कामगारांस नवा नाही.

१८९४ साली पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची प्रसिद्ध स्पर्धा झाली. तीत आल्फ्रेद व्हाशराँ ह्याने आपल्या पानहार्ड मोटारीला दांडीऐवजी चक्र बसविले. चार वर्षांनी, १८९८ मध्ये, पानहार्ड कंपनीने आपल्या मोटारींना चक्रच बसविण्यास सुरुवात केली. कारण सोपे होते. दांडी असली की रस्त्यावरच्या खड्ड्याचा हिसका थेट हाताला बसे, आणि वेग वाढला की हाताच्या जराशा हालचालीने गाडी भलतीकडे जाई. चक्राच्या खाली दाते घालता आले. त्यामुळे चक्र पुष्कळ फिरवावे तेव्हा चाक थोडे वळते. बळ कमी लागते आणि हात स्थिर राहतो. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली तोवर दांडीचा जमाना जवळजवळ संपला होता.

चक्र एका लांब लोखंडी दांड्याच्या टोकावर बसते. दांड्याच्या टोकाला बारीक उभ्या खाचा असतात, त्या चक्राच्या मध्यातल्या खाचांत अडकतात, आणि वरून एक मोठा नट आवळलेला असतो. आपल्याकडची अँबॅसॅडर किंवा फियाट ज्यांनी पाळली त्यांस ही रचना ठाऊक आहे. त्या गाड्यांच्या चक्रात स्फोटक असे काही नसे. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. परंतु हौसेने जपलेल्या अशा गाड्या अजून आहेत. म्हणून त्यांची रीत आधी सांगतो.

गाडी सपाट जागी उभी करून पुढची चाके अगदी सरळ करावीत. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, नाहीतर हॉर्नच्या तारेशी पाना लागून ठिणगी उडते. मधले हॉर्नचे झाकण काढावे. नट योग्य मापाच्या गोटी पान्याने सैल करावा, आणि त्या वेळी चक्र दुसऱ्या हाताने घट्ट धरावे; चावीच्या कुलपावर चक्राचा सारा भार टाकला तर कुलूप तुटते. नट पूर्ण काढू नये, दोनतीन आट्यांवर तसाच ठेवावा. वर्षानुवर्षे जाम झालेले चक्र ओढता ओढता एकदम सुटते आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर बसते. नट तेथे असला तर ते तेथेच अडते. दांड्यावर आणि चक्रावर समोरासमोर एक खूण करावी, म्हणजे बसविताना चक्र एक खाच इकडे तिकडे होत नाही. चक्र हलत नसेल तर पुलर लावावा. मात्र दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नये. तो का मारू नये, हे ह्या इतिहासाचे दुसरे पान सांगते.

हा लोखंडी दांडा नवा होता तेव्हा एकसंध आणि ताठ असे. त्याचे एक टोक पुढच्या यंत्रात आणि दुसरे टोक चालकाच्या छातीसमोर. समोरून टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग मागे दबे, त्याबरोबर दांडाही मागे येई, आणि चालक पुढे फेकला जाई. भाल्यासमोर माणूस बसविला होता असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. अशा रीतीने दशकानुदशके माणसे मेली, आणि प्रत्येक वेळी दोष चालकावर गेला. तो वेगात होता, त्याचे लक्ष नव्हते, त्याला झोप लागली.

ही भाषा आमच्या कानांस फार ओळखीची आहे. एका कारखान्यात पट्ट्यात हात सापडलेल्या कामगाराच्या चौकशीस आम्ही त्याच्या वतीने बसलो होतो. अहवालाची पहिली ओळ होती, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पट्ट्याला जाळी नव्हती ही गोष्ट खूप खाली, एका वाक्यात आली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याचे एकविसावे कलम फिरत्या भागांस आडोसा घालण्याची जबाबदारी मालकावर टाकीत असे. ते कलम अशासाठी होते, की माणूस कधी तरी चुकणारच हे गृहीत धरावे, आणि चुकीची शिक्षा हात तुटणे ही नसावी.

मोटारीच्या बाबतीत हाच विचार अमेरिकेत ह्यू डीहेवन ह्याने मांडला. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेत असताना तो विमान अपघातातून वाचला होता. १९४२ साली त्याने उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की माणसाला मारतो तो केवळ वेग नव्हे. तो वेग कशावर आणि किती अंतरात थांबतो ह्यावर जीवनमरण ठरते. मऊ मातीने वाचविलेला माणूस लोखंडाच्या टोकावर वाचत नाही. पुढे १९५६ साली फोर्ड कंपनीने खोलगट चक्राच्या मोटारी विकावयास काढल्या, की ज्यात छाती दांड्याच्या टोकापासून थोडी दूर राहावी. पण धंद्याच्या वर्तुळात मत पडले, की सुरक्षितता विकली जात नाही.

१९६५ साली राल्फ नेडर ह्या तरुण वकिलाचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक निघाले. जनरल मोटर्स कंपनीने त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले. ही गोष्ट उघडकीस आली आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांस सेनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी मोटार सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखाली केलेले नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले, आणि टकरीत दबणारा दांडा बंधनकारक झाला. हे तंत्र त्याआधी अस्तित्वात नव्हते असे नाही. मर्सिडीझ कंपनीतील बेला बारेनी ह्या अभियंत्याने अशा रचनेचे पेटंट पूर्वीच मिळविले होते. युक्ती कपाटात होती. ती सर्वांच्या मोटारीत आली ती कायद्याने.

हा दबणारा दांडा दोन तुकड्यांचा असतो. एक नळी दुसरीत सरकते, आणि एरवी ती सरकू नये म्हणून काही गाड्यांत मधे प्लास्टिकच्या लहान खुंट्या असतात. टकरीच्या धक्क्याने त्या तुटतात व दांडा आखडतो. आता हातोड्याचे उत्तर मिळाले. घरी मारलेला एक घाव ह्या खुंट्या तोडू शकतो. बाहेरून काही दिसत नाही, पण ज्या गोष्टीसाठी कायदा झाला तीच आपण आपल्या हातांनी निकामी केलेली असते.

तिसरे पान हवेच्या उशीचे, म्हणजे एअरबॅगचे. अमेरिकेतील जॉन हेट्रिक ह्या अभियंत्याने १९५३ साली तिचे पेटंट मिळविले. जर्मनीत वाल्टर लिंडरर ह्याचेही पेटंट त्याच सुमाराचे. हेट्रिकच्या कल्पनेत दाबलेली हवा होती, आणि तिचा वेग अपुरा पडला. टक्कर झाल्यापासून चालक चक्रावर आदळेपर्यंत डोळ्याचे पाते लवायलाही वेळ नसतो. सेकंदाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात पिशवी फुगली पाहिजे. म्हणून दाबलेल्या हवेच्या जागी स्फोटक मसाला आला. धक्का जाणवताच विजेची एक ठिणगी मसाला पेटविते, त्याचा वायू होतो आणि पिशवी भरते. ज्या चक्राने माणसे मारली त्याच्याच पोटात त्यांस वाचविणारी दारू भरली गेली.

हेही सुखासुखी झाले नाही. अमेरिकेत १९७७ साली आपोआप संरक्षण देणारी साधने सक्तीची करण्याचा हुकूम निघाला, १९८१ साली नव्या सरकारने तो रद्द केला, आणि १९८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणेच बेकायदा ठरविले. अखेर १९९१ च्या कायद्याने पुढील दोन्ही आसनांस एअरबॅग आली, आणि तिची सक्ती त्या दशकाच्या अखेरीस पुरी झाली. आपल्या देशात चालकापुढची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली; शेजारच्या आसनासाठीचा नियम २०२१ साली आला. पेटंटापासून आपल्या चालकाच्या हक्कापर्यंत ६६ वर्षे लागली.

म्हणून एअरबॅगची गाडी असेल तर आमचा पहिला सल्ला असा, की चक्राला घरी हात लावू नये. ते काम शिकलेल्या कारागिराकडे द्यावे. कोणी करणारच असेल तर त्या गाडीचे छापील माहितीपुस्तक समोर हवे. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि पुस्तकात लिहिला असेल तितका वेळ थांबावे. बॅटरी सुटली तरी उशी पेटविण्यापुरती वीज यंत्रणेत काही वेळ साठून राहते. टकरीत तारा तुटल्या तरी उशी फुगावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. एअरबॅगच्या तारांस मीटर लावू नये. मीटरची थोडी वीजही धोक्याची. काढलेली एअरबॅग हातात धरताना तिचे झाकण अंगापासून दूर असावे, आणि ठेवताना झाकण वर करून ठेवावी. पालथी ठेवली आणि पेटली तर ती तोफगोळ्यासारखी उडते. चक्राखाली तारेची एक गुंडाळी असते, ती फिरू देऊ नये. ती सरकली तर नंतर चक्र वळविताना तार तुटते आणि ऐन वेळी उशी मुकी राहते. बसविताना नट किंवा बोल्ट पुस्तकात दिलेल्या बळानेच, माप दाखविणाऱ्या पान्याने आवळावा, आणि नवा वापरायला सांगितला असेल तर नवाच वापरावा. एअरबॅग काढून तिच्या जागी साधे शोभिवंत चक्र बसविणे तर कधीच करू नये.

शेवटचे पान सर्वांत दुःखाचे आहे. ताकाता ह्या जपानी कंपनीने आपल्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमट हवेने तो मसाला बिघडे, आणि पेटला की नुसता पिशवी न फुगविता भोवतीची धातूची डबी फोडी. तिचे तुकडे चालकाच्या मानेत आणि चेहऱ्यात घुसले. २००८ पासून गाड्या परत बोलाविणे सुरू झाले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या बदलाव्या लागणार होत्या आणि पंचविसांहून अधिक माणसे दगावली. कंपनीने २०१७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. मेक्सिकोतील मोन्क्लोव्हा येथील तिच्या कारखान्यात २००६ सालीच मोठे स्फोट झाले होते. धोकादायक मालाचा धोका सर्वांआधी तो बनविणाऱ्याच्या दारात येतो, आणि त्याची दखल मात्र ग्राहक मेल्यावर घेतली जाते. भारतातही होंडाने अशा गाड्या परत बोलाविल्या आहेत. तेव्हा ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याने, आणि कोकणासारख्या दमट मुलखात राहणाऱ्याने तर अवश्य, कंपनीच्या अधिकृत दुकानात गाडीचा क्रमांक देऊन चौकशी करावी. बदली फुकट होते.

श्रोतेहो, आम्हांस एवढेच सांगावयाचे होते, की स्टेअरिंगच्या नटाभोवती पाना लावताना आपण केवळ लोखंडाला हात घालत नाही. त्या गोल चक्रामागे एका कारागिराची युक्ती आहे, एका वकिलाचे धैर्य आहे, न्यायालयांचे निकाल आहेत आणि नावे न उरलेल्या असंख्य चालकांचे प्राण आहेत. दांडा आखडतो आणि उशी फुगते, ह्या दोन्ही गोष्टी कोणाच्या दयेने मिळालेल्या नाहीत. त्या मागून, भांडून, कायदा करून मिळविलेल्या आहेत. अशा गोष्टींचे रक्षण दोन ठिकाणी करावे लागते. कायदा नुसता कागदावर राहू नये म्हणून तो सभेत आणि विधिमंडळात राखावा लागतो, आणि आपल्या अंगणात हातातला हातोडा खाली ठेवून राखावा लागतो.