न्यायाचा दिवस : विश्वासणाऱ्यांचा न्याय

जगाच्या अंती येशू ख्रिस्त परत येईल, मेलेले उठवले जातील आणि सर्वांचा न्याय होईल, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. प्रेषितांच्या व निकेयाच्या अशा दोन्ही मतांगीकारांत ती आहे. विश्वासणाऱ्याची त्या दिवशी काय गत, एवढाच प्रश्न या नोंदीत घेतला असून कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले परिसराला जवळच्या प्रेस्बिटेरियन परंपरेच्या अंगाने तो मांडला आहे. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा वाद येथे घेतलेला नाही.

शास्त्राधार : योहानाच्या शुभवर्तमानानुसार (5:24) विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही. पौल मात्र करिंथकरांना लिहितो (2 करिंथ 5:10) की, आपणा सर्वांनाच ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहायचे आहे. या दोन वचनांचा मेळ घालणे हाच या विषयाचा गाभा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे व शेरडे वेगळी केली जातात ती भुकेल्याला अन्न दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, यावरून. 1 करिंथ 3 मध्ये पाया एकच, ख्रिस्त. त्यावर कोणी सोने-रुपे चढवतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा. अग्नीने काम पारखले जाते. ज्याचे काम जळते त्याचे नुकसान होते, पण तो स्वतः वाचतो, होरपळून बाहेर पडलेल्या माणसासारखा.

कोल्हापूर मिशन : मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांनी सुरू केलेले काम 1870 च्या सुमारास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतले.  याच मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय 1894 चे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग 1891 मध्ये सुरू झाला आणि मिशनची ही दोन्ही ठाणी जोडली गेली; हातकणंगले हे त्याच मार्गावरचे स्थानक. रुग्णालय आणि प्रवचन यांना वेगळे मानणे या मिशनला मान्य नव्हते, आणि मत्तय 25 समोर ठेवले की तसे का, हे स्पष्ट होते.

प्रश्नोत्तरावलीतील शिकवण : प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा सैद्धांतिक आधार म्हणजे वेस्टमिन्स्टरची श्रद्धाघोषणा आणि 1647 मध्ये तयार झालेली 107 प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरावली. तिच्या अडतिसाव्या उत्तराचा आशय असा : पुनरुत्थानानंतर ख्रिस्त विश्वासणाऱ्यांना उघडपणे आपले म्हणेल, त्यांची निर्दोष मुक्तता जाहीर होईल आणि देवाच्या सहवासाचा पूर्ण आनंद त्यांना लाभेल. निकाल नव्याने द्यायचा नसतो; विश्वास ठेवला तेव्हाच नीतिमान ठरवले गेले, ते आता सर्वांसमोर सांगितले जाते. मग कृत्यांचा हिशेब कशाला? या परंपरेचे उत्तर ठाम आहे : सत्कृत्ये तारणाची किंमत नव्हेत, विश्वास जिवंत होता याचा पुरावा आहेत. कृत्यांवर भर देणारे याकोबाचे पत्र व विश्वासावर भर देणारा पौल यांच्यात विरोध पाहणाऱ्यांनी हे उत्तर नीट तपासावे. क्षमा झालेली पापे त्या दिवशी उघड होतील का, यावर एकमत नाही. कृपेचा महिमा दिसावा म्हणून होतील, असे काही म्हणतात; देव ती आठवणार नाही हे यिर्मयाचे वचन (31:34) इतरांना निर्णायक वाटते. प्रस्तुत लेखकालाही दुसरा पक्ष वचनाला अधिक धरून वाटतो.

भोवतालच्या कल्पना : हातकणंगले तालुक्यातच कुंभोज-बाहुबली हे जैन तीर्थक्षेत्र आहे. जैन मतात न्यायाधीश नाही. कर्म आपोआप फळते. पुराणांतला चित्रगुप्त प्रत्येकाची पापपुण्ये लिहून ठेवतो. प्रकटीकरणातही (20:12) पुस्तके उघडली जातात, पण त्यांच्याबरोबर जीवनाचे पुस्तक असते आणि त्यात नाव असणे निर्णायक ठरते. मराठी श्रोत्याला हिशेबाची वही ओळखीची होती; न्याय करणाराच आरोपीची शिक्षा स्वतः सोसतो, ही गोष्ट नवी होती.

आचार : प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करतात, कारण पौलाच्या मते (1 करिंथ 11:31) आपण स्वतःला पारखले तर आपला न्याय होणार नाही. प्रेस्बिटेरियन परंपरेत मृतांसाठी प्रार्थना नाही. अंत्यविधीत पुनरुत्थानाची वचने वाचतात.

रोमन कॅथलिक मत : मरणानंतर लगेच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय आणि अंती सार्वत्रिक न्याय. बाराव्या बेनेडिक्ट पोपनी 1336 मध्ये हे निश्चित केले. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मृतिदिन.

ब्रदरन मत : विश्वासणाऱ्यांचे न्यायासन बक्षिसांपुरते, प्रकटीकरणातले पांढरे सिंहासन वेगळे. जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीचा व 1909 च्या स्कोफील्ड बायबलचा प्रभाव.

सातव्या दिवसाचे अॅडव्हेंटिस्ट : स्वर्गात विश्वासणाऱ्यांच्या नोंदींची तपासणी 1844 पासून चालू आहे, असे मानतात.